फुलपाखरू खाते उंदीर

शेवटी फुलपाखरानं उंदीर खाल्ला नाही. पण ते सोडा! तसं काही घडलंच नाही असं समजू, म्हणजे विज्ञानाच्या सरांना सुखानं सुरुवात करता येईल.

सर शाळेत नवे. नोकरी कायम व्हायला मोठ्या बाईंची एक सही तेवढी बाकी होती. ती मिळवायला ऑनलाइन चाचणीतला एक 'जोड्या लावा' पुरेसा आहे, अशी सरांची पक्की खात्री.

"असा प्रश्न काढतो," ते स्टाफरूममध्ये म्हणाले, "की पोरं जन्मभर विसरणार नाहीत!"

डावीकडे गाय, बेडूक, मांजर, फुलपाखरू. उजवीकडे गवत, माशी, उंदीर, फुलातला रस. पण जितक्यास तितकं ठेवलं की शेवटची जोडी पोरांना फुकटात मिळते. म्हणून सरांनी चकवायला एक जादा पर्याय घातला, लोखंडी खिळे. आणि ऐटीत तो सगळ्यात वर घातला!

संगणकाला ऐट कळत नाही. त्यानं समोरासमोरच्या ओळी बरोबर धरल्या. गाय खाते खिळे. बेडूक गवत. मांजर माशी. आणि फुलपाखरू खाते उंदीर. रस बिचारा कुणाच्याच वाट्याला आला नाही.

निकाल परस्पर पालकांच्या फोनवर गेला. अख्ख्या वर्गाला शून्य! पैकीच्या पैकी फक्त एकीला. डुलक्या घेत बोट पडेल तिथे जोडी लावणारी ती मुलगी मोठ्या बाईंची सख्खी भाची होती.

सर घामाघूम होऊन धावले. "बाई, उत्तरं एक ओळ खाली सरकलीत! लगेच दुरुस्त करतो."

"खबरदार! बहिणीला फोन करून झालाय माझा. कित्येक वर्षांनी ती माझ्याशी गोड बोलली! उत्तरं बरोबर आहेत. तुम्ही फुलपाखरू दुरुस्त करा. मग सहीचं बघू."

तेवढ्यात एक पालक तणतणत आत शिरले. "माझ्या मुलीला शून्य? अहो, मी जनावरांचा डॉक्टर आहे!"

"असं? मग फुलपाखराला कधी उंदीर देऊन पाहिलात?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग!"

डॉक्टरांनी बाहेर पडून वर तक्रार ठोकली. सोमवारी तपासणी अधिकारी दारात हजर. "दाखवा," एवढंच म्हणाले.

प्रयोगशाळेतल्या मामांनी बागेतून फुलपाखरू आणलं, अडगळीच्या खोलीतून उंदीर आणला आणि दोघांना काचेच्या पेटीत सोडलं. फुलपाखरू उंदराच्या पाठीवर बसलं.

"चावतंय! चावतंय!" बाई पेन उघडून कुजबुजल्या.

उंदीर शिंकला. फुलपाखरू कोपऱ्यात जाऊन पंख मिटून बसलं.

"खात का नाही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"साहेब," सर म्हणाले, "नवीन आहे. अजून कायम झालेलं नाही."

अधिकाऱ्यांना हे फारच पटलं. तेही हंगामीच होते! त्यांनी आठवड्याची मुदत दिली. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

सर पेटीशेजारी डोकं धरून बसले. मामांना दया आली. "अहो सर, या शाळेत अर्ज केल्याशिवाय कोण हललंय?"

तेही खरंच! सरांनी कागद ओढला.

"प्रति, माननीय फुलपाखरू, काचेची पेटी, प्रयोगशाळा. महोदय किंवा महोदया, निम्नस्वाक्षरीकाराची नोकरी आपल्या भुकेवर अवलंबून आहे. सबब नम्र विनंती की, येत्या सोमवारी आपण किमान शेपटीपासून तरी सुरुवात करावी.

सोबत : उंदीर, एक."