अँबॅसडर लाईव्ह!

बेळगावात जुन्या गाड्या पुष्कळ असतील, पण टीव्हीवर झळकायच्या लायकीची एकच, आमची पांढरी अँबॅसडर! हे मी अख्ख्या वडगावात इतक्यांदा सांगितलं होतं, की मला लांबून बघितलं की लोक गल्ली बदलायचे. शेवटी आदर्शच्या कानावर गेलं. आदर्श म्हणजे इथल्या लोकल चॅनेलचा वार्ताहर, कॅमेरामन आणि मालक, तिन्ही एकटाच!

"काका, जुन्या गाड्यांवर प्रोग्राम करालोय. उद्या येळ्ळूर रोडला शूटिंग. लाईव्ह!"

मी गाडी अशी पुसली, की मांडवातला नवरदेव तिच्यापुढं मळका दिसावा! माझी बायको मंगल नवी शहापुरी साडी नेसून तयार. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून वर काळा चष्मा. पुढच्या सीटची स्प्रिंग टोचते म्हणून ती मागं बसली.

निघालो. पुढं आदर्श, मित्राच्या मोटारसायकलवर उलटा बसून कॅमेरा धरलेला. मागं आम्ही. मी खिडकीतून मान काढून इंजिनाचं कौतुक सांगतोय, तोच येळ्ळूरच्या अलीकडं एका वस्तीपाशी एक फेटेवाले म्हातारे हात पसरून रस्त्यात आडवे! आमचा ब्रेक जरा विचार करून लागतो. गाडी त्यांच्या धोतराला टेकून थांबली.

"मॅडम आल्या! मॅडम आल्या!" म्हातारे ओरडले. त्यांचं नाव सुबराव, हे नंतर कळलं. पांढरी अँबॅसडर, पुढं कॅमेरा, मागं काळ्या चष्म्यातली बाई! वस्तीनं काय समजायचं? सरकारी साहेबीणच आली म्हणायची!

मी खाली उतरलो. "अहो आजोबा, ही गाडी..."

"तू गप रं डायवर! मॅडमना बोलू दे."

तोवर कुणीतरी नव्या ट्रॅक्टरचा झेंडूचा हार काढून मंगलच्या गळ्यात घातला. डोक्यावर कोबीची पाटी घेतलेली राजाबाई नावाची बाई खिडकीशी आली. "मॅडम, बस हितं थांबतच न्हाय बघा! येळ्ळूरपातूर चालत जातोय. मान मोडली आमची!"

"अगं बाई! एवढं वझं घेऊन?" मंगल खरंच कळवळली. "कायतरी करायला पायजे. बघूया."

"बघूया म्हणल्या! म्हंजे मंजूर!" टाळ्यांचा कडकडाट!

"मॅडम न्हाय ओ, माझी बायको हाय ती!" मी बोंबललो.

सुबरावांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. "डायवर पिऊन आलाय जणू."

"आदर्श, बंद कर ते!"

"काका, मधी येऊ नका! लई लोक बघालेत!"

त्या दिवशी सगळ्या बेळगावनं बघितलं. 'वस्तीवर मॅडमची धडक भेट!' गाडी म्हणाल तर टीव्हीवर दिसला तो हाराच्या मागं अर्धा दरवाजा. खानापुरातून मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, ताई कधी लागली सर्विसला? आणि तुमी कधीपासून प्यायला लागलाय?"

मंगलला मात्र चैन पडेना. "त्यांना आशा लागली असंल ओ. जाऊन खरं सांगू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मी हात जोडून सगळं सांगितलं. राजाबाईनं "व्हय?" एवढंच म्हटलं, खाली ठेवलेली पाटी उचलली आणि चालायला लागली.

"थांब गं राजाक्का!" मंगल ओरडली. "बस थांबंपर्यंत आमची गाडी हाय की!"

मला कुणी विचारलं नाही. तिनं डिकी उघडली, पाटी आत गेली. मागोमाग तीन पाट्या आणि पाच बायका.

आता व्हिडिओ बस डेपोच्या साहेबांपर्यंत पोचलाय, बसचं बघायलेत म्हणे. तोवर सोमवार मिरची, मंगळवार वांगी, असं आमचं चाललंय. पुढच्या सीटवर सुबराव असतात. त्यांना स्प्रिंग टोचत नाही!

परवा कोल्हापूरहून फोन आला. जुन्या गाड्यांचं मासिक, गुळगुळीत कागदाचं! "तुमची गाडी मुखपृष्ठावर घ्यायची आहे. गुरुवारी फोटोग्राफर पाठवू?"

मुखपृष्ठावर! मी खुर्चीतून उडालो. "पाठवा की, पाठवा!"

आतून मंगलचा आवाज आला. मी फोनवर हात ठेवून ऐकलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "साहेब, गुरुवारी नको ओ. गुरुवारी कोबी हाय."