पंचाक्षरीअण्णांचा गीझर

पंचाक्षरीअण्णांनी घरातला गीझर स्वतःच्या हातांनी दुरुस्त केला आणि त्या दिवसापासून शांतम्मांचं काम दुप्पट झालं.

अण्णा उमरग्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी माईकसमोर गेली. त्यांनी हाक दिली की माणसं पिशव्या उचलून पळायची, ड्रायव्हर अर्धा चहा टाकून उठायचे. निवृत्तीनंतर मात्र घरात मांजरही त्यांच्या हाकेनं जागचं हलेना. अण्णा दिवसभर बाजेवर बसून रस्त्याकडे बघायचे आणि जाणाऱ्या गाडीला उशीर झाला की स्वतःशीच चुकचुकायचे. शांतम्मांना ते बघवत नसे.

अशात डिसेंबरच्या ऐन थंडीत गीझर कोमट पाणी द्यायला लागला. उमरग्यात बोअरचं पाणी म्हणजे काय प्रकार आहे ते तिथं राहणाऱ्यालाच कळतं. डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही, नळाच्या तोंडाला पांढरी दाढी येते. असलं पाणी गीझरच्या पोटात जाऊन गीझरचं काय भलं होणार!

"मेकॅनिक कशाला? म्या खोलतो," अण्णा म्हणाले. "डेपोत इतकी वर्षं काढली, वर्कशॉप काय बघितलं न्हाय व्हय?"

वर्कशॉप त्यांनी बघितलं होतं हे खरंच आहे. तिथं चहा चांगला मिळायचा.

अण्णांनी मेन स्विच बंद केलं, झाकण उघडलं, कॉईल बाहेर काढली. तिच्यावर क्षाराचा जाड थर चढला होता. तो त्यांनी खरवडला, कॉईल लिंबूसताच्या पाण्यात भिजवली आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं. स्विच टाकताच गीझरवरचा लाल दिवा लागला. निघालेल्या पांढऱ्या खपल्या शांतम्मांनी कुटून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांची दारात रांगोळी घातली. अण्णांना ती रांगोळी आपल्या सत्कारासाठीच आहे असं वाटलं.

पण त्याच सकाळी शांतम्मांनी नळ सोडला, तर पाणी गारढोण. थोडा वेळ थांबून पुन्हा सोडला, तरी गार. लाल दिवा मात्र ऐटीत जळत होता. हे सांगायला त्या बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. अण्णा बाजेवर चहा पीत होते आणि हलक्या आवाजात, अगदी खुशीत, हवेला सांगत होते, "उमरग्याहून लोहाऱ्याला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे." निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून एखादी गाडी सुटत होती. शांतम्मांनी तोंडातलं वाक्य तसंच गिळलं.

परसातल्या बुटक्या भिंतीपलीकडे पार्वतम्मांचं घर. शांतम्मांचा तांब्याचा बंबही तिथंच होता, कारण गीझर आल्यावर अण्णा तो मोडीत घालायला निघाले होते आणि शांतम्मांनी तो गुपचूप भिंतीवरून पलीकडे पोचवला होता. पार्वतम्मा रोज सकाळी त्यात पाणी तापवायच्या.

"पार्वतक्का, एक बादली दे गं," शांतम्मा भिंतीवरून कुजबुजल्या. "आजच्यापुरती."

आजच्यापुरती म्हणून मागितलेली वस्तू रोजची होते, तशी ही बादलीही झाली. अण्णांना संशय येण्याचं कारण नव्हतं. लग्न झाल्यापासून त्यांच्या आंघोळीचं पाणी शांतम्मा काढायच्या, विसण घालायच्या, पाट मांडायच्या आणि मग हाक द्यायच्या, "पाणी काढलंय." गीझरच्या पोटात हात घातलेल्या या माणसानं मोरीतल्या नळाला कधी बोट लावलं नव्हतं.

"बघ, दिवा कसा जळायलाय," अण्णा म्हणायचे. "इझतच न्हाय. नंदादीप हाय नंदादीप!"

"व्हय की," शांतम्मा म्हणायच्या आणि दुखरी कंबर चोळत आत जायच्या.

इतक्यावर भागलं असतं. पण अण्णांनी ही बातमी गल्लीत जाहीर केली, आणि जाहीर करणं तर त्यांच्या अंगवळणी पडलेलं. समोरच्या हिंमतरावांचा गीझर जरा हळू तापत होता इतकंच. अण्णा पिशवीत पाने-पक्कड घेऊन गेले, हौसेनं तो खोलला, खरवडला, बसवला. तिथंही लाल दिवा लागला. दुसऱ्या दिवशी हिंमतरावांची बायको जगदेवी मागच्या दारानं शांतम्मांकडे आली.

"काकू, काकांचा हात लागला अन् आमचा गीझर पार गार पडला की वो! यांना सांगू का?"

"नगं गं बाई!" शांतम्मांनी तिचा हात धरला. "तुझ्या पाया पडते. हिंमतरावांचं पाणी म्या देते. लई दिवसांनी माझा माणूस हसायलाय गं."

जगदेवीनं त्यांचा हात दाबला. मग म्हणाली, "पाया कशाला पडता? बादली कुठं आणू तेवढं सांगा."

आता बंबातून दोन पुरुषांच्या आंघोळी निघू लागल्या. पार्वतम्मांच्या घरचंही भागायला हवं होतं. बंब तो, त्याला काय तळ नव्हता थोडाच! तळाशी शांतम्मांचा वाटा यायचा आणि तिथं काही उरायचं नाही. मग त्या गार पाणीच अंगावर घेऊ लागल्या. आंघोळ झाल्याशिवाय लिंगपूजा नाही आणि पूजेशिवाय पाण्याचा घोटही नाही, त्यामुळे टाळायची सोय नव्हती. तांब्या डोक्यावर ओतला की मोरीतून भरभर आवाज यायचा, "शिव शिव शिव शिव शिव!"

"हिची भक्ती लई वाढली अलीकडं," अण्णा कौतुकानं हिंमतरावांना सांगायचे.

त्यातच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारानं, शंभुलिंगनं, सवडीनं आपलाही गीझर बघायला बोलावलं आणि अण्णांच्या डोक्यात पाटी आली. एका संध्याकाळी ते रंगाच्या वासाची फळी घेऊन घरी आले. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पंचाक्षरी गीझर क्षारमुक्ती केंद्र'.

शांतम्मा मटकन खालीच बसल्या. उभा उमरगा एका बंबावर आंघोळ करतोय असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"काय न्हाय. अक्षर लई छान हाय."

ही पाटी दारावर चढणार, तेवढ्यात गल्लीची डीपी जळाली. लाईट गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. सकाळी नेहमीप्रमाणे "पाणी काढलंय" अशी हाक आली, अण्णांनी वाफाळत्या पाण्यानं आंघोळ केली आणि ते दारात येऊन उभे राहिले. समोरून हिंमतराव ओलं डोकं पुसत आले.

"साहेब, मानलं तुमाला! राती धरून लाईट न्हाय, तरी बी पाणी असं कडक! काय जादू केलीत?"

"जादू कसली?" अण्णांची छाती फुगली. "आतला क्षार गेला की गीझरचा थर्मास होतो. शास्त्र हाय ते."

हिंमतराव हे शास्त्र शंभुलिंगला सांगायला गेले. अण्णा एकटे उरले आणि आपलंच बोलणं त्यांच्या कानात घोळू लागलं. थर्मास? रात्रभर? ते मोरीत गेले. लाल दिवा विझलेला होता. त्यांनी चाचपडत नळाची चावी फिरवली आणि धारेखाली हात धरला. हात गारठला.

तेवढ्यात परसातून कुजबुज ऐकू आली. दाराच्या फटीतून त्यांना दिसलं, शांतम्मा रिकामी बादली भिंतीवरून पलीकडे देत होत्या. देताना त्यांचा एक हात कमरेवर होता.

"अन् तुझ्या आंघोळीचं गं?" पार्वतम्मा विचारत होत्या.

"म्या गारच घेते की रोज."

"अय्यय्यो! मरशील की थंडीनं. सांगून टाक त्यांना एकदाचं."

"न्हाय पार्वतक्का. डेपो सुटल्यापास्नं ते कसे बसून असायचे बघितलंस न्हवं? आता सकाळी गाड्या सोडायलेत. सोडू दे."

अण्णा पाय न वाजवता बाजेवर येऊन बसले. थोड्या वेळानं मोरीतून आवाज आला, "शिव शिव शिव शिव शिव!" आज त्यांना त्यात दातांची कडकड स्पष्ट ऐकू आली. ही भक्ती नव्हती, थंडी होती. अण्णांनी डोळे पुसले. मग उठून ती पाटी कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभी केली.

दुपारपर्यंत डीपी दुरुस्त झाली. दुसऱ्या दिवशी शांतम्मा लोहाऱ्याला भाचीच्या, दीपमालाच्या, बाळाच्या बारशाला गेल्या. त्यांची गाडी सुटते न सुटते तोच अण्णांनी हायवेच्या दुकानातून विरेश मेकॅनिकला बोलावून घेतलं. विरेशनं गीझर उघडला आणि तो हसायलाच लागला.

"कॉईलची वायर जोडलीच न्हाय की वो! दिव्याला करंट, कॉईलला काहीच न्हाय. कुण्या गाढवानं खोलला होता ह्यो?"

"होता एक," अण्णा म्हणाले. "रिटायर झालाय."

कॉईल नीट बसली, वायर जोडली गेली. मग विरेशला घेऊन अण्णा हिंमतरावांच्या मागच्या दारी गेले.

"हिंमतराव कुठं हायत?"

"शेताला," जगदेवी म्हणाली. मेकॅनिकची पेटी बघून तिनं तोंडाला पदर लावला.

"हसू नको. अन् काकूला यातलं काय सांगायचं न्हाय."

"काका, काकूनं बी मला हेच सांगितलंय."

गीझर दोन्ही घरी खणखणीत झाले. अण्णा समाधानानं घरी आले आणि तिथं त्यांच्या लक्षात आलं की खरी अडचण तर पुढंच आहे. शांतम्मा संध्याकाळी परतणार, उद्या पहाटे पुन्हा भिंतीशी जाणार, बादली उचलणार, गार पाणी अंगावर घेणार. आणि जो गीझर बिघडल्याचं कुणी बोललंच नव्हतं तो दुरुस्त झाला, हे त्यांना सांगायचं तरी कसं? दुरुस्ती कबूल करायची तर ऐकलेलं सगळं कबूल करायला हवं. मग शांतम्मांनी इतके दिवस थंडीत जे जपलं ते त्यांच्याच देखत मोडायचं. अण्णांना ते जमणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शांतम्मांना जाग आली तेव्हा शेजारी अण्णा नव्हते. मोरीत बादली वाजत होती. त्या धडपडत उठल्या, तोच अण्णांचा भरदार आवाज घरभर घुमला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! शांतम्मांच्या आंघोळीचं पाणी मोरीत लागलेलं आहे!"

"अय्यो! तुमी कशाला काढलं?" शांतम्मा घाबऱ्या झाल्या. "सरका बाजूला. पहिलं तुमचं काढते."

"आज तुझं पहिलं. माझ्या गीझरचं पाणी हाय. घे की."

त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की शांतम्मांना नाही म्हणवेना. माणसानं हौसेनं गार पाणी काढून ठेवलंय, तर ते गरम आहे असं म्हणायचं, एवढंच आता त्यांच्या हातात होतं. त्यांनी पदर आवळला, दातावर दात रोवले, "शिव शिव" म्हणायला दारातूनच सुरुवात केली आणि मोरीचं दार लावून घेतलं.

अण्णा बाहेर कान देऊन उभे राहिले. तांब्या बुडाल्याचा आवाज आला. "शिव शिव" मध्येच थांबलं होतं. बऱ्याच वेळानं दुसरा तांब्या पडला, मग अगदी सावकाश तिसरा. आणि मग आतून शांतम्मांचं गुणगुणणं ऐकू आलं. माहेरची कुठली तरी कानडी ओवी होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात अण्णांनी ती ऐकली होती.

दार उघडलं तेव्हा शांतम्मांच्या मागून वाफ बाहेर आली. त्यांनी अण्णांकडे बघितलं. मग गीझरकडे बघितलं. लाल दिवा विझला होता. पाणी तापलं की तो विझतो, हे त्या नंदादीपाला आता उमगलं होतं.

अण्णा छताकडे बघू लागले.

शांतम्मा केस पुसत त्यांच्यापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "उद्यापास्नं माझं पाणी तुमीच काढत जावा. माझ्या हाताला एवढं कडक येत न्हाय."