लटारीभाऊंचा समुंदर

आमच्या गावच्या तलावाला लटारीभाऊ 'समुंदर' म्हणत. चांद्याच्या जंगलात समुद्र कुठून यायला! पण लढाईच्या दिवसांत पलटणीबरोबर ते कराचीला जाऊन आले आणि तेव्हापासून 'तलाव' हा शब्द त्यांनी टाकूनच दिला. तलावाची पाळ म्हणजे 'किनारा', मासे धरणाऱ्या ढिवरांचा डोंगा म्हणजे 'जहाज', आणि पलीकडच्या टोकाला रेतीवर उकडलेले शिंगाडे मिळत, ती 'चौपाटी'. कुणी हसलं की म्हणत, "तुमी पाह्यला काय समुंदर? नाई ना? मंग मले पुसा."

बाजारगल्लीत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. संध्याकाळी एकेका कुटुंबाला ते फुकटात सैर घडवत. अट एकच, बायको मागच्या शिटेवर बसलीच पाहिजे. एकटा पुरुष आला की तोंडावर घंटी वाजवून परत धाडत. "घरवालीले आन. समुंदर एकट्यानं पाहात नसतेत."

नवरा भाऊंनी दुकानात बनवलेली सायकल हाकी, बायको मागे, पोर दांडीवर, आणि पुढे आपल्या खटाऱ्यावर घंटी वाजवत लटारीभाऊ. रस्ता मोठा सोपा, लेकरूही चालवील असा. पाळीवरचे बाभळीचे काटे ते स्वतः वेचून टाकत. पंक्चरवालाच काटे वेचतो म्हटल्यावर गाव त्यांना येडं म्हणणार नाही तर काय!

ह्या सैरीचा पहिला बळी मी. आमचे हे भोळे, लगेच हो म्हणून बसले. सगळी गल्ली ओट्यावर आली, पोरं 'मेमसाब, मेमसाब' करत मागे धावली. मी पदर नाकापर्यंत ओढला आणि मनातल्या मनात लटारीभाऊंचा उद्धार केला. त्यात ती शीट! गादी मऊ गोधडीची, पण पाय ठेवायच्या फळ्या दोन, एक खाली आणि एक पार वर. एक पाय टेकला की दुसरा गुडघा थेट छातीशी.

"भाऊ, ही फळी चुकीची लागली."

"बराबर आहे बाई. समुंदराची शीट अशीच राहते."

पण चौपाटीवर शिंगाडे सोलत बसलो, पाणी तांबडं झालं, जहाज काठाला लागलं. लटारीभाऊ छाती फुगवून म्हणाले, "पाह्यलं? हे आपल्या गावचं आहे!" खरं सांगते, मलाही त्या तलावाचा गर्व वाटला. माझंच सासर, आणि मी ते असं कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांची बायको अनसूयाबाई मात्र कधी बाहेर दिसत नसे. लहानपणीच्या तापानं तिचा एक पाय आखूड राहिलेला. पोरं तिच्या चालण्याची नक्कल करत, बाया टक लावून बघत. तिनं उंबरा ओलांडणंच सोडलं होतं. तलाव एवढा जवळ, पण लग्न होऊन आल्यापासून तो तिच्या दृष्टीला पडला नव्हता.

एकदा मी विचारलंच, "भाऊ, साऱ्या गावच्या बाया नेता, अन् घरची काऊन नाई नेत?"

ते घंटी पुसत राहिले. मग म्हणाले, "तिच्याचसाठी त चालू आहे हे. तुमाले नेलं तवा केवढा तमाशा झाला! आता कोनाची बी बायको सायकलवर बसली त कोनी मान वर करत नाई. लोकायच्या नजरेले सवय लावून राह्यलो, बाई. पन घरची म्हनते, अजून नाई."

त्या दिवसापासून मीच गल्लीतल्या बायकांना सायकलवर बसवायला निघाले.

हिवाळ्यातली एक संध्याकाळ. मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. समोरून ती सायकल आली. चालवायला खुद्द लटारीभाऊ, मान ताठ, पण घंटी गप्प. मागे हिरव्या लुगड्यातली अनसूयाबाई, डोळे घट्ट मिटलेले.

कुंभार गाडगी रचत राहिला. पोरं गोट्या खेळत राहिली. कुणी म्हणून कुणी पाहिलं नाही. त्या दिवशी मला आमच्या गल्लीचा जो अभिमान वाटला, तो कशाचाच वाटला नाही. मीही मान खाली घातली, पण मेली नजर त्या फळ्यांवर गेलीच. अनसूयाबाईचे दोन्ही पाय नीट टेकले होते.

सायकल वळणाशी पोचली, तेव्हा अनसूयाबाईचा आवाज आला, "अवो, घंटी त वाजवा!"

मग पाळीपर्यंत ती घंटी काही थांबली नाही.