पाण्यावरची स्कूटर आणि काळा कोट

मिठाचा डबा तळापर्यंत रिकामा झालेला पाहून चष्मेवाल्यांच्या बायकोने स्वयंपाकघरातूनच आवाज दिला, "अहो, परवा भरलेलं मीठ गेलं कुठे?"

"शास्त्राला लागलं!" धुण्याच्या गॅलरीतून उत्तर आलं.

"आणि भाजीला काय घालू? शास्त्र?"

 दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काचा चढवून "आता दिसतं का?" असं विचारण्यात चष्मेवाल्यांची हयात गेली होती. पण गेल्या महिन्यापासून त्यांना स्वतःलाच भलतं काही दिसू लागलं होतं. पाण्यात वीज सोडायची, त्यातला हायड्रोजन बाहेर काढायचा आणि त्यावर स्कूटर पळवायची. पंपावरचा माणूस हात जोडून म्हणतो आहे, "साहेब, पुन्हा या," आणि आपण न थांबता पुढे जातो आहोत, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

साध्या पाण्यातून वीज धड जाईना, म्हणून मीठ आलं. विजेच्या तारांना आधी स्टीलचे चमचे लावले होते. ते चमचे असे झिजले की घरात चहा ढवळायला सुरीशिवाय काही उरलं नाही. मग त्यांनी टॉर्चचे जुने सेल फोडून आतल्या काळ्या कांड्या काढल्या. आता गॅलरीतल्या बादलीत मिठाचं पाणी, पाण्यात दोन कांड्या, कांड्यांना स्कूटरची जुनी बॅटरी आणि वर बुडबुडे धरायला एक पालथा डबा, असा थाट होता. दोन कांड्यांवर दोन वेगळे डबे हवेत, असं त्यांनी वाचलं होतं. पण घरात रिकामा डबा एकच होता, आणि बायकोकडे दुसरा मागायचा धीर त्यांच्यात नव्हता.

त्या आठवड्यात बायकोचा धाकटा भाऊ मुक्कामाला होता. तो वकील. घराला रंग देणं चालू होतं, म्हणून एक बॅग आणि एक काळा कोट घेऊन तो बहिणीकडे आला होता. त्या सकाळी त्याचं महत्त्वाचं काम होतं. एका म्हाताऱ्या जोडप्याला घरमालक घराबाहेर काढू पाहत होता आणि आज कोर्टाकडून ते थांबवायचं होतं. वकिलाने कोटाला इस्त्री केली, हवा लागावी म्हणून तो गॅलरीतल्या दोरीवर टांगला, आणि मनाला जरा उभारी यावी म्हणून खिशातून सिगारेट काढली. ताईला सिगारेटचा वास खपत नसे. म्हणून त्याने गॅलरीचं दार लावून घेतलं. खिडकी कबुतरांमुळे बंदच होती. चष्मेवाले बॅटरी चालूच ठेवून नुकतेच पेपर आणायला खाली उतरले होते. वकिलाने काडी ओढली.

'फाट्' असा आवाज झाला. डबा छताला जाऊन आपटला, बादली उलटली, आणि तिच्यातलं पाणी समोरच्या भिंतीवर, दोरीवरच्या कोटावर उडालं.

चष्मेवाले दोन-दोन पायऱ्या चढत वर आले तेव्हा बायको कमरेवर हात ठेवून गॅलरीच्या दारात उभी होती. आत वकील पांढराफटक पडला होता. सिगारेट त्याने कुठे दडवली होती कोण जाणे.

"फुटलं कसं हे?" बायकोने नवऱ्याला विचारलं.

"आपण होऊन फुटायचं नाही गं. ठिणगी लागते त्याला," चष्मेवाले म्हणाले.

"मग ठिणगी आली कुठून?"

चष्मेवाल्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने कळवळून त्यांच्याकडे पाहिलं.

"घर्षण, ताई," वकील म्हणाला. "घर्षणानेसुद्धा होते ठिणगी."

"कशाचं घर्षण?"

"कोटाचं."

"कशाशी?"

"हवेशी."

बायको नवऱ्याकडे वळली. चष्मेवाले खाकरले. "वकीलसाहेब म्हणतायत ते शास्त्राला धरून आहे," ते गंभीरपणे म्हणाले. दोघांची अळीमिळी गुपचिळी झाली.

"आणि हा पोहायच्या तलावासारखा वास?"

"तोही शास्त्राचाच," दोघे एकदम म्हणाले.

तेवढ्यात वकिलाचं लक्ष कोटाकडे गेलं आणि त्याच्या घशातून चमत्कारिक आवाज निघाला. कोटाच्या उजव्या बाहीवर, छातीवर आणि कॉलरवर तांबूस डाग उमटत होते. बघता बघता ते फिके होत चालले.

"भाऊजी, हे काय होतंय?"

"क्लोरीन," चष्मेवाले पुटपुटले. "मिठातला. रंग खातो तो."

"दुसरा कोट घाल की," बायको म्हणाली.

"तो घरी आहे. किल्ली रंगाऱ्याकडे आणि रंगारी आज गावाला!"

चष्मेवाल्यांनी कोट हातात घेतला, लांब धरला, एक डोळा मिटला. "लांबून नाही दिसायचं."

"किती लांबून?"

"ते न्यायाधीशांच्या नंबरावर आहे. काळजी नको, ते माझेच गिऱ्हाईक. लांबचं त्यांना धूसर दिसतं. नवा चष्मा तयार आहे, पण दुकानातच पडलाय."

"मग आज देऊ नका, भाऊजी! पाया पडतो!"

बुटाचं काळं पॉलिश आलं. ब्रशने घासून कोट काळाभोर झाला, नव्यापेक्षाही चमकदार. फक्त हात लावला की हात काळा होत होता. "हात अंगाला चिकटवून ठेव. काही म्हणजे काही हलवू नकोस," बायकोने बजावलं. हे वकिलाला फाशीहून कठीण होतं. तो बोलायला उभा राहिला की हात पंख्यासारखे फिरत, आणि साधी तारीख मागायलाही त्याला अर्धा तास लागे.

चष्मेवाल्यांनी दुकानात फोन लावला. "न्यायाधीशांचा चष्मा आज पाठवू नका," त्यांनी मदतनीस बाईंना सांगितलं.

"साहेब, तो कालच पाठवला की! त्यांचा निरोपही आला, सगळं लख्ख दिसतंय म्हणून!"

हा निरोप मेहुण्याला द्यायचा धीर चष्मेवाल्यांना झाला नाही. तोवर मेहुणा जिना उतरून गेलाही होता.

कोर्टात वकील उभा राहिला तेव्हा न्यायाधीशांनी नव्या चष्म्यातून त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग नाक जरा आक्रसलं. वकिलाने दोन्ही हात मांड्यांना चिकटवले. हात बांधले गेल्यावर जीभही बांधली जाते, हे त्याला त्या दिवशी कळलं. "साहेब, जोडपं म्हातारं आहे. भाडं वेळेवर देतं. नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेली. थांबवावं, एवढीच विनंती," असं म्हणून तो खाली बसला. बसल्यावर पाठ टेकायचीही सोय नव्हती.

न्यायाधीश वाट पाहत राहिले. पुढे काही येईना.

"वकीलसाहेब, बरं नाही का आज?"

"बरं आहे, साहेब."

"मग असेच राहत जा," न्यायाधीश म्हणाले आणि घर रिकामं करण्याला त्यांनी तिथल्या तिथे स्थगिती दिली. म्हातारीने आनंदाने वकिलाचे दोन्ही हात धरले. नंतर तिने त्याच हातांनी डोळे पुसले, आणि बाहेर तिचा नवरा तिला ओळखेना.

संध्याकाळी वकील हसतहसत घरी आला. चष्मेवाले मात्र खुर्चीत मान खाली घालून बसले होते. कोटाची भरपाई, चमचे, मीठ, सगळ्याचा जाब आज एकदम होणार, याची त्यांना खात्री होती. बायको गॅलरीतून बाहेर आली.

"जरा इकडे या."

ते गेले. समोरच्या भिंतीवर बुरशीचे डाग होते. साबण, राख, ब्रश, कशालाही ते दाद देत नव्हते. त्या डागांच्या मधोमध, पाणी उडालं होतं तेवढा भाग दुधासारखा पांढरा झाला होता.

"हे तुमच्या त्या पाण्याने झालं?"

"हो. पण ते पाणी म्हणजे उरलेला चोथा आहे गं. खरा माल तो बुडबुड्यांतला..."

"अख्ख्या भिंतीला पुरेल एवढं करून द्या. शेजारच्या वहिनींनाही हवंय, त्यांचं न्हाणीघर बघवत नाही."

"अगं, मी इंधन करतोय! धोब्याचा धंदा नाही!"

बायकोने मिठाची नवी पिशवी त्यांच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाले पुन्हा बादलीपुढे बसले होते. त्यांनी डबा उचलून पालथा घालायला घेतला, तर बायकोने तो काढून घेतला.

"झाकू नका, पुन्हा फुटायचं. बुडबुडे जातात तर जाऊ द्या," ती म्हणाली आणि हायड्रोजनला बाहेर पडायला नीट वाट मिळावी म्हणून तिने गॅलरीची खिडकी सताड उघडली.