इथे लोक राहतात

दोकसुनला या सगळ्यातून एकच गोष्ट हवी होती: न गळणारं छप्पर. बुसानच्या समुद्राकडे तोंड करून बसलेल्या तिच्या टेकडीवरच्या वस्तीला वॉर्ड ऑफिस 'शांत गाव' म्हणून जाहीर करणार होतं. छपरं, कठडे, गटारं सगळं ऑफिसच्या खर्चाने. रहिवाशांनी फक्त शांतता राखायची.

"म्हणजे काहीच करायचं नाही? मग फुकटच की!" असं म्हणून तिने कागदावर आपल्या नावाचा शिक्का उठवला.

कागदात शांततेची व्याख्या नव्हती. दोकसुनकडेही नव्हती. उभा जन्म तिने समुद्राच्या तळाशी बुड्या मारून शंख काढले होते आणि पाण्याने त्याची किंमत म्हणून तिचे कान दाबून निकामी केले होते. त्यामुळे 'चहा घेणार का?' हेसुद्धा ती दूरच्या होडीला हाक मारावी तसं विचारी. त्यात बोली बुसानची. इथे 'जेवलीस का?' हा प्रश्न 'उसने कधी फेडतेस?' याच सुरात विचारायची रीत आहे. गल्लीपलीकडची माल्जाही बुड्या मारणारी, तिचेही कान गेलेले. दोघींच्या खाजगी गप्पा खालच्या धक्क्यावर ऐकू जात आणि तिथले लोक अधूनमधून सल्लाही देत.

छप्पर झालं. निळं झालं, कारण फोटोत निळं उठून दिसतं. वस्तीच्या तोंडाशी पाटी लागली: 'इथे लोक राहतात. कृपया शांतता राखा.' ती वाचायला, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायला सोलहून गाड्या भरभरून माणसं येऊ लागली.

पहिल्याच महिन्यात तक्रार आली, ती पाहुण्यांकडून. शांत गावात दोन म्हाताऱ्या भांडतात.

वॉर्ड ऑफिसचे पे साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. ते गल्लीत उभे असतानाच दोकसुन अंगणातून गरजली, "माल्जाऽऽ! दोरीवरचे मासे काढ गं, मांजर आली!"

"खाऊ दे मेलीला, ताई! माझ्या सुनेपेक्षा तीच बरी!" पलीकडून उत्तर आलं.

साहेबांनी ते पुरावा म्हणून रेकॉर्ड करून घेतलं.

"आजी, पाटी वाचली नाहीत?"

"वाचली की. ती त्यांच्यासाठी आहे ना? आम्ही तर पाटीतली 'लोकं'!"

"नियम सर्वांना सारखा. रहिवाशांना सूट दिली तर पाहुण्यांवर अन्याय होईल."

"आणि ती पोरं माझ्या खिडकीत तोंड घालून खिदळतात, ते?"

"त्याची नोंद 'पर्यटक-समाधान' या सदरात होते. गोंगाटाचं सदर वेगळं."

"मग मीही समाधानाने ओरडत होते असं लिहा!"

"रहिवाशांच्या समाधानाला सदर नाही, आजी."

दोकसुनने वर छपराकडे पाहिलं आणि ती कुजबुजायला लागली. माल्जाला काही ऐकू येईना. ओठ हलताना दिसत आणि आवाज नाही, म्हणजे ताई मनातल्या मनात शिव्या देते आहे, असा तिने अर्थ काढला. चार दिवस ती रुसली, पाचव्या दिवशी मुलाकडे राहायला निघून गेली. तिच्या घरात कॉफीचं दुकान आलं. मग एकेक करत बाकीची घरंही रिकामी झाली, कारण कुजबुजत शेजारधर्म पाळता येत नाही. शेवटी उरली दोकसुन. एकटी असल्यामुळे ती स्वतःशी बोलायची, आणि स्वतःलाही ऐकू जावं म्हणून ओरडून बोलायची. ऑफिसने 'शांततेच्या हितार्थ' तिला शहराच्या आतल्या भागात, समुद्र न दिसणाऱ्या इमारतीत खोली दिली.

त्या वर्षी टेकडीला उत्तम शांततेचं प्रशस्तिपत्र मिळालं. पाठोपाठ पाहुण्यांचे अभिप्राय आले: 'सुंदर आहे, पण जिवंतपणा नाही.' ऑफिसने समिती नेमली. समितीने जिवंतपणाचा शोध घेतला, आणि तो पे साहेबांच्या तक्रारीच्या फायलीत सापडला.

पानगळीच्या दिवसांत दोकसुन आपलं छप्पर बघायला बसने आली. खालच्या पाटीवर 'इथे लोक राहतात' तसंच होतं. तिच्या अंगणात आता लाकडी बाकं होती, दोरीवर प्लॅस्टिकचे मासे. ती दारासमोर जरा टेकते न टेकते तोच कोपऱ्यातल्या खांबावरून आवाज फुटला, कान गेलेल्या माणसालाही ऐकू जाईल असा:

"माल्जाऽऽ! दोरीवरचे मासे काढ गं, मांजर आली!"

आपलाच आवाज ओळखायला तिला क्षणभर लागला. मग खांबावरून माल्जा बोलली, "खाऊ दे मेलीला, ताई!" आणि म्हातारीला राहवलं नाही.

"अगं, आहेस कुठे तू?" ती जीव तोडून ओरडली. "मी शिव्या नव्हते गं देत!"

बाकांवरच्या माना वळल्या. दंडावर ऑफिसची ओळखपट्टी बांधलेला रखवालदार धावत आला आणि ओठांवर बोट ठेवून, अगदी अदबीने म्हणाला, "आजी, हळू. इथे लोक राहतात."

आता हिशेब. छपराचे पैसे ऑफिसने दिले, कॉफीचे पाहुण्यांनी. दोकसुनने आवाज दिला, माल्जाने शेजार. छप्पर अजून गळत नाही, आणि त्याखाली भिजायलाही कुणी नाही. राहता राहिलात तुम्ही. वाचता वाचता तुमच्याही मनात आलंच असेल की एकदा जाऊन यायला हवं. जरूर जा. निळं छप्पर लांबूनच दिसतं. फक्त हळू बोला.