उघड्या डोळ्यांची प्रार्थना

दानियलकाका मिशनच्या देवळात डोळे मिटत नसत. पाळकसाहेब "आपण प्रार्थना करू या" म्हणाले की सगळ्या माना खाली जात आणि काकांची मान वर येई. मग एकेका बाकावरून त्यांची नजर सावकाश फिरे. मला हे ठाऊक आहे, कारण मीही डोळे मिटत नसे. मी इंदूरच्या ब्राह्मण घरातला. हातोदच्या पलीकडच्या त्या गावात मिशनच्या शाळेत मास्तर होतो. रविवारी दुसरा उद्योग नसे आणि उपासनेनंतर पाळकीणबाई चहा फार चांगला देत, म्हणून शेवटच्या बाकावर जाऊन बसायचो. एकदा काकांना विचारलंच, की तुम्ही डोळे का मिटत नाही.

"सगळ्यांनी मिटले तर जागं कोण राहणार, मास्साब?" ते म्हणाले. "प्रभू बघतो ते वरून. बाकाखालचं कोण बघणार?"

काका तरुणपणी नगरकडून मिशनच्या गोदामावर राखणदार म्हणून आले होते. पुढे गोदाम बंद पडलं, साहेबलोक निघून गेले, पण काकांची राखण काही सुटली नाही. आता ते देवळाचे पंच होते आणि साऱ्या जगावर त्यांचा संशय होता. मी गावात आलो त्या दिवशी त्यांनी माझी ट्रंक उचलून पाहिली आणि मास्तराच्या मानाने ती जड आहे असं मत दिलं. पोस्टमन शीळ घालतो म्हणून तो संशयित. कोंबडी दोन दिवस अंडं देत नाही म्हणून तीही संशयित. तेव्हा मध्य भारत राज्याची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला असे आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला जाई. काकांना ते अजिबात पसंत नव्हतं. "सरळ माणूस एका जागी बसतो भिया. हे सरकार हर साल बिस्तरा बांधून कुठे पळतं? तपास करायला पाहिजे."

'तपास' हा त्यांचा लाडका शब्द. आणि या शब्दानेच त्यांचं घर रिकामं केलं.

त्या लोकांत लग्न ठरलं की पाळकसाहेब तीन रविवार देवळात वधूवरांची नावं पुकारतात आणि कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा म्हणतात. कुणी काही बोलत नाही, बोलायचं नसतंच. पण काका दर वेळी उठत. "हरकत नाही, पण तपास पूर्ण झालेला नाही," एवढं म्हणून खाली बसत. मुलाकडचे दचकत, गावकरी हसत, आणि लग्न ठरल्या दिवशी लागे. पुढेपुढे तर काका उठले नाहीत तर लग्नात काही उणं राहिलं असं लोकांना वाटू लागलं.

मग त्यांच्याच रूथचं नाव पुकारलं गेलं. आईवेगळी, एकुलती एक पोर. मुलगा हातोदचा, एलिया नावाचा; थोडी शेती, हसरा स्वभाव. इतकं हसायला याला काय झालंय, ही काकांची तक्रार. तरी त्यांनी होकार दिला होता. पण पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी हरकतीचं विचारलं आणि काका उठले. सवयीने उठले की मनातून, ते त्यांनाच ठाऊक. "तपास पूर्ण झालेला नाही." या खेपेला कुणी हसलं नाही. मुलीचा बापच असं म्हणतो म्हटल्यावर एलियाची आई ताडकन उठली आणि मुलाला घेऊन बाहेर पडली. रूथ बापाकडे बघत राहिली. मग तीही गेली. लग्न इंदूरच्या देवळात लागलं, बापाशिवाय. त्यानंतर रूथने आमच्या गावच्या देवळात पाऊल टाकलं नाही.

हे सगळं मला पाळकीणबाईंनी सांगितलं. काकांनी कधी अक्षर काढलं नाही.

देवळासाठी मेणबत्त्या आणि घासलेट आणायला काका इंदूरच्या सियागंज बाजारात जात. व्यापारी फसवतील म्हणून सोबत मला नेत. मी फसवेन म्हणून पैसे स्वतःकडे ठेवत. परतताना मोटार हातोदला थांबली की खाली उतरून चाकं तपासत. मग समोरच्या चहावाल्याला दरडावून विचारत, "त्या गल्लीत सब ठीक? कुणी बीमार वगैरे? रात्री कंदील कधी विझतो?" चहावाला सवयीने उत्तरं देई. मला आधी वाटलं, यांना आता हातोदचाही संशय यायला लागला. एकदा चहावाला म्हणाला, की त्या घरात मुलगी झाली. काकांनी परत एकदा सगळी चाकं तपासली. मोटारवाला वैतागून भोंगा वाजवत राहिला. पहिल्यांदाच मला त्या माणसाची दया आली आणि थोडा रागही आला. एवढा वाघासारखा माणूस, पण लेकीच्या गल्लीत पाऊल टाकायला घाबरत होता.

गहू घरात आले की त्या देवळात हंगामाचा सण होई. ज्याने त्याने आपल्या शेतातलं, आपल्या हातचं काहीतरी टोपलीत घालून वेदीपुढे आणायचं. मग पाळकसाहेब त्या घराचं नाव घेऊन आशीर्वाद मागत. पण वेदीच्या आधी काकांचं टेबल लागे. प्रभूच्या हिश्शात खोट नको म्हणून काका गव्हात कोपरापर्यंत हात घालत, अंडी पाण्यात सोडून बघत, भोपळ्याला टिचक्या मारून कान लावत. एका वर्षी खुद्द पाळकीणबाईंचे पापड सियागंजचे निघाले. काकांनी ते परत केले आणि पाळकसाहेबांनी उपदेश आवरता घेतला.

त्या वर्षीही टेबल लागलं होतं. रांग पुढे सरकत होती आणि काकांचा हात गव्हात होता. तेवढ्यात रांगेच्या शेवटी एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर लहान मुलगी, डोक्यावर टोपली, मागे एरवी हसणारा नवरा, आणि तोही त्या दिवशी हसत नव्हता. रूथची पाळी आली. तिने टोपली टेबलावर ठेवली आणि वरचं फडकं स्वतःच बाजूला केलं.

"हात घालून बघा, बाबा. आमच्या शेतातलंच आहे."

काका टोपलीकडे बघत राहिले. वर गव्हाच्या ओंब्या होत्या, बाजूला मटारच्या शेंगा. त्यांचा हात वर आला. मला वाटलं, आता या माणसाने गव्हात हात घातला तर पोर पुन्हा निघून जाईल. काकांनी फडकं उचललं, टोपलीवर नीट पसरलं आणि चारी टोकं आत खोचली.

"तपास झाला," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की तो त्यांचाच का, असा मला संशय आला.

मग त्यांनी स्वतः टोपली वेदीपुढे नेली आणि लेकीशेजारी येऊन बसायचं सोडून तिथेच, टोपलीजवळ, जमिनीवर बसले. नात रांगत त्यांच्यामागे गेली. पाळकसाहेबांनी एलियाच्या घराचं नाव घेतलं आणि प्रार्थना सुरू केली. सगळ्या माना खाली गेल्या. मी नेहमीसारखं वर बघितलं, आमची नजरानजर होईल म्हणून.

काकांचे डोळे घट्ट मिटलेले होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. इकडे नातीने फडक्याखाली हात घालून प्रभूच्या हिश्शातली एक शेंग ओढली आणि तोंडात घातली. काकांना दिसलं असणं शक्य नव्हतं. पण त्यांनी तसेच, मिटल्या डोळ्यांनी, टोपली हळूच तिच्याकडे सरकवली.