संत्री वेचण्याचा सर्वसमावेशक खेळ

कमी दिसणाऱ्या बालकांनीही टॅबलेटवर खेळलं पाहिजे, असा ठराव अमरावतीच्या सर्वसमावेशक खेळ समितीने एकमताने संमत केला. बैठकीला एकही बालक नसल्यामुळे एकमत व्हायला अडचण आली नाही.

खेळ तयार करायचं काम सुगत नावाच्या तरुण अभियंत्याकडे आलं. त्याने काळ्याभोर पडद्यावर बशीएवढी पिवळीधमक संत्री लावली. डावीकडे संत्रं आलं की त्या बाजूने टाळ वाजे, उजवीकडे आलं की मृदंग. थोडं दिसलं, थोडं ऐकलं, की बोट बरोबर पडे आणि संत्रं टोपलीत जाई. कीर्तनात मागच्या रांगेत बसणाऱ्यालाही, बुवा दिसले नाहीत तरी ते कुठे रंगलेत हे कळतंच की.

चाचणीसाठी अकोल्याची प्रणाली निवडली गेली. पोर तिसरीतली, नजर अधू. आजवर प्रत्येक खेळात कोणीतरी तिचं बोट धरून आपणच खेळलेलं. तिने आपल्या आईला म्हणजे आरतीला बजावून ठेवलं होतं, "या खेपी मी एकटी खेळीन. कोनी सांगू नोका."

मग समितीने सुधारणा सुरू केल्या.

"काळा काहून?" अध्यक्ष जानरावसाहेबांनी विचारलं.

"संत्रं उठून दिसते, साहेब."

"उद्घाटनाले काळा चालते का? पांढरा करा."

पांढऱ्यावर पिवळी संत्री विरघळली. त्यात सात मान्यवरांचे फोटो बसवायचे ठरले, तेव्हा जागेअभावी ती बोरांएवढी झाली.

"साहेब, लेकरांले बारीक दिसत नाही," सुगत म्हणाला.

"म्हणून तर आमचे फोटो मोठे ठेवले ना बाप्पा."

पुढे अल्पदृष्टीचा प्रत्यक्ष अनुभव यावा म्हणून सदस्यांनी एकमेकांचे चष्मे घालून खेळ तपासला. कोणालाच काही दिसलं नाही. 'उद्दिष्ट साध्य', असा शेरा पडला. आवाजाचा विषय नेमका चहा-आलुबोंड्याच्या वेळी निघाला, म्हणून तेवढा वाचला.

उद्घाटनाला सभागृह भरलं. प्रणालीसमोर टॅबलेट ठेवला. पांढऱ्या पडद्यावर तिने नाक टेकवलं; सात धूसर डोकी लागली, संत्रं काही लागेना. मग तिने डोळे मिटले आणि मान खाली घातली.

टाळ वाजला. बोट डावीकडे गेलं. संत्रं टोपलीत.

मृदंग. उजवीकडे. दुसरंही.

टोपली भरायला पाच लागत होती. पण सभागृहाला गहिवर आला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रणालीचं बोट हवेत थांबलं.

"थांबा ना," ती म्हणाली, "मले आयकू नाही येऊन राह्यलं."

ते कोणाला ऐकू जाणार? तिने हात वर केला. पोरगी अभिवादन करते आहे, असं समजून लोक उभे राहिले आणि दुप्पट वाजवू लागले. जानरावसाहेबांनी डोळे पुसले. खेळाची वेळ संपली. टोपलीत दोनच.

अहवालात लिहिलं गेलं : 'खेळ अत्यंत सुलभ आहे. बालकांची तयारी कमी पडते. सबब, खेळताना बोट धरण्यासाठी शेजारी एक डोळस मदतनीस अनिवार्य राहील.'

सज्जनहो, तिने ती दोन संत्री वेचली तेव्हा तुमचेही तळहात जवळ आले असतील. मन तुमचं मऊ आहे, त्याबद्दल शंका नाही. पण ते हात जरा मांडीवर ठेवा. पोरगी अजून कान देऊन बसली आहे.